माहुलीचा घाट आणि कोयनेचे पाणी

क्षेत्र महाबळेश्वर येथील पंचगंगेच्या देवळात कृष्णा, वेण्णा, कोयना, सावित्री आणि गायत्री ह्या पाच नद्यांचा उगम एकत्र मानला जातो. त्यांपैकी सावित्री कडा उतरून कोकणात जाते. कृष्णा वाईवरून आणि वेण्णा मेढ्यावरून खाली येते, आणि साताऱ्याच्या पूर्वेस सुमारे पाच किलोमीटरांवर माहुली येथे त्या एकमेकींस मिळतात. कोयना दक्षिणेकडे वळते, सह्याद्रीच्या आतल्या खोऱ्यातून मोठा फेरा घेते आणि कराडला कृष्णेत येते. शाळेच्या भूगोलातला हा मजकूर येथे देण्याचे कारण एवढेच की, एका डोंगरातून निघालेल्या ह्या तीन नद्यांच्या काठी सातारा जिल्ह्यातील जिवंतांप्रमाणेच मृतांचीही वाटणी झालेली आहे. कोणाच्या नावाने दगड उभा राहिला, कोणाची राख नाव न घेता वाहून गेली आणि कोणाची दहनभूमीच पाण्याखाली गेली, ह्याचा हिशेब ह्या तीन काठांवर मांडून ठेवलेला आहे. आजवर तो कोणी नीट वाचलेला नाही.

स्मशानभूमीचा विषय पुरोगामी कार्यकर्त्याला सहसा रुचत नाही. तो श्रद्धेचा, फार तर भावनेचा प्रांत आहे, असे समजून तो बाजूला ठेवला जातो. परिणाम असा होतो की, थडग्यांचे आणि समाध्यांचे राजकारण ज्यांना करावयाचे असते त्यांना मैदान मोकळे मिळते. गेल्या काही वर्षांतील घटना पाहाव्यात. १० नोव्हेंबर २०२२ रोजी प्रतापगडाच्या पायथ्याशी अफझलखानाच्या कबरीभोवतीची अनधिकृत बांधकामे मोठ्या बंदोबस्तात पाडण्यात आली. मार्च २०२५ मध्ये खुलताबाद येथील औरंगजेबाच्या कबरीच्या प्रश्नावरून नागपुरात दंगल उसळली. त्याच वर्षी रायगडावरील वाघ्या कुत्र्याच्या स्मारकावरून महाराष्ट्रातील वृत्तपत्रांचे रकानेच्या रकाने भरले. ह्या सर्व काळात गावोगावच्या दलितांना आणि भटक्या जमातींना प्रेत कोठे न्यावे ह्याची भ्रांत होतीच; परंतु तो प्रश्न कोणत्याही सभेचा विषय झाला नाही. म्हणून एका जुन्या घराण्याच्या दहनभूमीचा इतिहास येथे तपासावयाचा आहे.

एका घराण्याची भूमी

माहुली ही वस्तुतः दोन गावे आहेत. नदीच्या एका तीरावर संगम माहुली आणि दुसऱ्या तीरावर क्षेत्र माहुली. नारायणराव पेशव्याच्या १७७३ सालच्या खुनाबद्दल राघोबादादास दोषी ठरविणारे रामशास्त्री प्रभुणे हे ह्याच माहुलीचे. अठराव्या शतकात येथे पंतप्रतिनिधींच्या आणि इतरांच्या आश्रयाने घाट आणि देवळे उभी राहिली. त्याच काठावर साताऱ्याच्या छत्रपतींच्या घराण्याची दहनभूमी आहे. १५ डिसेंबर १७४९ रोजी शाहू महाराज निवर्तले. त्यांचा दहनविधी येथेच झाला. डिसेंबर १७६१ मध्ये, पानिपतच्या पराभवाच्या वर्षाअखेर, वयाच्या शहाऐंशीव्या वर्षी महाराणी ताराबाई गेल्या. त्यांची समाधी येथेच आहे. १६८९ साली रायगड पडल्यावर मोगलांच्या कैदेत गेलेल्या आणि तीस वर्षांनंतर, १७१९ साली, स्वराज्यात परतलेल्या महाराणी येसूबाईंची समाधीही येथेच असल्याचे अलीकडच्या काळात स्थानिक अभ्यासकांनी शोधून काढले. एवढ्या थोर स्त्रीच्या समाधीची जागा पिढ्यानपिढ्या लोकांच्या स्मरणातून गेलेली असावी, ही गोष्ट बोलकी आहे.

ह्या समाध्यांमध्ये एक समाधी कुत्र्याचीही आहे. शाहू महाराजांचा खंड्या नावाचा कुत्रा होता. त्याने वाघाच्या हल्ल्यातून धन्याचा जीव वाचविला आणि त्याबद्दल त्यास जहागीर व पालखीचा मान मिळाला, अशी परंपरागत कथा आहे. कथेचा तपशील कसाही असो, कुत्र्याचा दगड नदीकाठी आहे. इमानी मुक्या जनावराची आठवण राजाने ठेवली ह्यात गैर काहीच नाही. प्रश्न निराळा आहे. ज्यांनी ह्या चितांसाठी लाकूड वाहिले, ज्यांनी समाध्यांचा दगड घडविला, मृत्यूची वर्दी घेऊन जे रात्री गावोगाव धावले, त्यांची एक खूणही ह्या काठावर नाही.

ही कामे कोणाची होती, हे सर्वांना ठाऊक आहे. मृत्यूची बातमी परगावी पोहोचविणे, सरणाची लाकडे आणणे ही महार वतनदाराची बांधील कामे होती. मोबदल्यात तुटपुंजी वतन जमीन आणि प्रेतावरचे वस्त्र. ह्या व्यवस्थेला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ साली मुंबई विधिमंडळात विधेयक आणून प्रथम कायदेशीर आव्हान दिले. ती प्रत्यक्ष नष्ट व्हावयास १९५८ चा कनिष्ठ वतने नष्ट करण्याचा कायदा यावा लागला. म्हणजे सवर्णाच्या मृत्यूत ज्याच्या श्रमावाचून पान हलत नव्हते, त्याच्या स्वतःच्या मृत्यूसाठी गावाच्या स्मशानात मात्र जागा नव्हती. त्याचा मसणवटा वेगळा, बहुधा ओढ्याच्या काठी, आणि पुष्कळदा सात-बाराच्या उताऱ्यावर नसलेला.

सकवारबाईंचे सरण

माहुलीच्या इतिहासातील सर्वांत विदारक प्रकरण राणी सकवारबाईंचे आहे. शाहू महाराजांना पुत्र नव्हता. ताराबाईंनी आपला नातू म्हणून पुढे आणलेल्या रामराजास गादी मिळावी, असे महाराजांच्या अखेरच्या दिवसांत ठरले होते. सकवारबाईंचा ह्याला विरोध होता आणि कोल्हापूरच्या शाखेकडे त्यांचा कल होता. बाळाजी बाजीराव पेशव्याच्या दृष्टीने त्या राज्यसूत्रे हाती घेण्याच्या मार्गातील अडसर होत्या. महाराज जाताच त्या सती गेल्या. स्वेच्छेने नव्हे. आपला खरा बेत झाकण्यासाठी त्यांनी पूर्वी सती जाण्याची भाषा केली होती, तीच त्यांच्यावर उलटविण्यात आली. घराण्याच्या अब्रूचा प्रश्न उभा केला गेला. आणि त्यांच्या भावानेच बहिणीला सरणाकडे वळवावे म्हणून त्यास जहागिरीचे आमिष दाखविण्यात आले, असे ग्रँट डफने १८२६ साली प्रसिद्ध केलेल्या मराठ्यांच्या इतिहासात नमूद केले आहे.

डफ हा साताऱ्याचा पहिला ब्रिटिश रेसिडेंट. पेशव्यांविषयीच्या त्याच्या मतांना साम्राज्याचा रंग होता, आणि पुढील इतिहासकारांनी त्याच्या कित्येक विधानांना हरकत घेतली आहे. तरीही सकवारबाईंवर दबाव आला, हे मराठी इतिहासलेखनातही मान्य झालेले आहे. येथे लक्षात घ्यावयाचे ते असे: सतीची चर्चा आजही धर्माच्या परिभाषेत होते. माहुलीच्या चितेवर मात्र धर्मापेक्षा वारसा आणि सत्ता ह्यांचाच हिशेब अधिक स्पष्ट दिसतो. एक विधवा जिवंत राहिली तर ती दत्तक घेईल, दत्तक आला तर गादीचा प्रश्न नव्याने उभा राहील. म्हणून तिला जिवंत राहू द्यावयाचे नाही, आणि त्या निर्घृण व्यवहारास पातिव्रत्याचे नाव द्यावयाचे. त्या दिवशी नदीकाठी जळालेल्या लाकडांमागे असा हिशेब होता. माहुलीचे दर्शन घेणाऱ्या यात्रेकरूस आणि सहलीच्या विद्यार्थ्यांस तो कोणीही सांगत नाही.

पिंडाचा हक्क आणि राज्याचा हक्क

ह्यानंतर शंभर वर्षांनी हीच वारशाची समस्या ह्या घराण्यापुढे पुन्हा आली. ह्या वेळी हिशेब मांडणारा हात कंपनी सरकारचा होता. त्याची पूर्वपीठिका महाबळेश्वरात आहे.

ऑगस्ट १८१७ मध्ये, पेशवाईच्या अखेरच्या वर्षात, दुसरा बाजीराव आणि सर जॉन माल्कम ह्यांची भेट माहुलीलाच झाली होती. पेशवाई बुडाली. २५ सप्टेंबर १८१९ च्या तहाने इंग्रजांनी छत्रपती प्रतापसिंहांना साताऱ्याचे राज्य दिले, आणि ते त्यांस व त्यांच्या वारसांस निरंतर चालावयाचे असे कबूल केले. १८२४ साली लॉडविक नावाचा इंग्रज अधिकारी महाबळेश्वरच्या पठारावर चढला. तेथील हवा गोऱ्या माणसाला मानवते हे लक्षात आले. पुढे तोच माल्कम मुंबईचा गव्हर्नर होऊन आला. १८२८ मध्ये तेथे वसाहतीची आखणी झाली आणि १८२९ च्या करारानुसार छत्रपतींनी वाई प्रांतातील खंडाळा गावाच्या बदल्यात ही डोंगरमाथ्याची भूमी कंपनीला दिली. वसाहतीचे नाव पडले माल्कम पेठ. एका गावाच्या मोबदल्यात पाच नद्यांचा माथा गेला. व्यवहार कागदोपत्री बरोबरीचा होता. परंतु एका बाजूस फौज आणि दुसऱ्या बाजूस रेसिडेंटच्या मर्जीवर चालणारी गादी असली, म्हणजे बरोबरीच्या कराराला किती अर्थ उरतो, हे अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यालाच काय, कोणत्याही कुळाला सांगावे लागत नाही.

दहा वर्षांनी, सप्टेंबर १८३९ मध्ये, प्रतापसिंहांवर कारस्थानाचे आरोप ठेवून त्यांना पदच्युत करण्यात आले आणि काशीस पाठविण्यात आले. १४ ऑक्टोबर १८४७ रोजी ते तेथेच निवर्तले. ज्याने महाबळेश्वर दिले, त्या राजाच्या चितेला माहुलीचा काठ लाभला नाही. त्यांची बाजू मांडण्यासाठी रंगो बापूजी गुप्ते १८४० साली विलायतेस गेले आणि बारा-तेरा वर्षे तेथे अर्ज-विनंत्या करीत राहिले. काहीही पदरात पडले नाही. सत्तावनच्या उठावात साताऱ्यातील कट उघडकीस आला. ८ सप्टेंबर १८५७ रोजी गेंडामाळावर सतरा जणांना फाशी देऊन, तोफेच्या तोंडी बांधून आणि गोळ्या घालून मारण्यात आले. मारल्या गेलेल्यांत रंगो बापूजींचा मुलगा होता. स्वतः रंगो बापूजींचा नंतर ठावठिकाणा लागला नाही. ह्या घराण्याच्या हक्कासाठी ज्याने सर्वस्व वेचले, त्याला दहनभूमी मिळाली की नाही हेही इतिहासाला माहीत नाही.

मधल्या काळात गादीवर बसविलेले प्रतापसिंहांचे बंधू शहाजी ऊर्फ अप्पासाहेब ५ एप्रिल १८४८ रोजी मरण पावले. महाबळेश्वरचा वेण्णा तलाव १८४२ साली बांधविणारे तेच हे अप्पासाहेब. मृत्युशय्येवर त्यांनी दत्तक घेतला होता. मुंबईचे गव्हर्नर सर जॉर्ज क्लार्क ह्यांनीही दत्तक मान्य करावा असे मत दिले. परंतु गव्हर्नर जनरल डलहौसीने सातारा खालसा केले; वारस नसल्याच्या सबबीवर डलहौसीने गिळलेले ते पहिले संस्थान.

डलहौसीचा युक्तिवाद बारकाईने वाचण्यासारखा आहे. दत्तक पुत्रास खाजगी मालमत्ता मिळेल, मृताचे धर्मकृत्य करण्याचा अधिकारही मिळेल; परंतु सार्वभौम सत्तेच्या संमतीवाचून राज्य मिळणार नाही. याचा अर्थ पिंड द्यावयास पुत्र खरा, राज्य घ्यावयास मात्र खोटा. हिंदू धर्मशास्त्रात पिंडाचा अधिकार आणि वारशाचा अधिकार ह्यांची गाठ फार जुनी. ही गाठ कंपनीने आपल्या सोयीने सोडविली आणि माहुलीच्या काठावर घराण्याला फक्त स्मशान शिल्लक ठेवले. राज्य गेले, विधी राहिला. वसाहतवादाने एतद्देशीय धर्माला हात लावला नाही, असे कौतुकाने सांगितले जाते, त्याचा एक अर्थ हाही आहे: उत्पन्न ज्यात नाही तेवढे त्याने उदारपणे देऊन टाकले.

माल्कम पेठेचे मृत

डोंगरमाथ्यावर ह्याच सुमारास मृतांची दुसरी वाटणी चालू होती. जानेवारी १८३१ मध्ये मुंबई इलाख्याचा सरसेनापती आणि त्या वेळचा हंगामी गव्हर्नर सर सिडनी बेकविथ महाबळेश्वरी तापाने वारला. त्याच्या स्मरणार्थ वर्गणी जमवून स्तंभ उभारण्यात आला. हवा खाण्यास आलेल्या साहेब लोकांसाठी ख्रिस्ती दफनभूमी झाली. परमुलखात मेलेल्या त्या माणसांबद्दल, विशेषतः त्यांच्या बायकामुलांबद्दल, कोणाही सहृदय माणसाला करुणाच वाटेल. साम्राज्याचा अपराध त्यांच्या हाडांवर लादणे हे समाजवाद्याचे काम नव्हे.

परंतु त्याच माल्कम पेठेत आणखी माणसे मेली असलीच पाहिजेत. मलायाच्या बाजूच्या इंग्रज वसाहतींतून हद्दपार करून आणलेले चिनी आणि मलायी कैदी येथील तुरुंगात ठेवलेले होते. महाबळेश्वरचे कितीतरी रस्ते त्यांच्या हातांनी झाले. बटाटा आणि विलायती भाजीपाला येथे पिकविण्याचे श्रेयही मोठ्या प्रमाणात त्यांच्याकडेच जाते. १८६४ साली तो तुरुंग बंद झाला. सुटलेल्यांपैकी काहीजण मळे करीत तेथेच राहिले. त्याच वर्षी महाबळेश्वरात फ्रियर हॉलची इमारत उभी राहिली आणि तिला साताऱ्याचा पूर्वीचा रेसिडेंट व त्या वेळचा गव्हर्नर बार्टल फ्रियर ह्याचे नाव मिळाले. चिनी कैद्यांच्या वाट्याला एका धबधब्याचे नाव आले, तेही व्यक्तीचे नव्हे, जातीचे: ‘चायनामन्स फॉल’. समुद्रापार घरदार तुटलेल्या ह्या माणसांच्या थडग्यांचा मान महाबळेश्वरच्या प्रवासी-मार्गदर्शिकांत कोठेही नाही. पर्यटक त्यांच्या रस्त्यावरून जातो आणि साहेबाच्या स्तंभाचे छायाचित्र घेतो.

माहुली आणि माल्कम पेठ, देशी राजा आणि परदेशी साहेब, ह्यांत वैर होते असे इतिहास सांगतो. परंतु स्मरणाच्या वाटपाचा नियम दोन्हीकडे एकच दिसतो. जमिनीवर ज्याचे नाव, दगडावर त्याचेच नाव.

कोयनेखालचे मसणवटे

ही सर्व कहाणी सरंजामशाहीची आणि साम्राज्याची आहे, स्वतंत्र भारतात असे होणार नाही, असे म्हणता आले असते. तिसऱ्या नदीने ते म्हणू दिले नाही.

कोयनेवर हेळवाकजवळ धरण बांधले गेले आणि १९६० च्या दशकाच्या प्रारंभी पाणी अडले. शिवसागर जलाशय पाटणपासून जावळी व महाबळेश्वर तालुक्यांपर्यंत पसरला. त्याचे टोक तापोळ्याशी येते. आज त्या तापोळ्याला ‘मिनी काश्मीर’ म्हणून होड्या फिरविल्या जातात. ह्या पाण्याखाली केवळ भातखाचरे आणि घरे गेली नाहीत. प्रत्येक गावाचा मसणवटा, प्रत्येक भावकीचे पूर्वजांचे दगड, नदीकाठची दहावा-तेरावा करण्याची जागा, मुसलमान वस्तीची कबरस्ताने, पुरून दहन न करणाऱ्या समाजांची जुनी थडगी, हे सारे गेले. खोऱ्यातील माणसे सातारा, सांगली, सोलापूर, ठाणे आणि रायगड जिल्ह्यांत विखुरली गेली. वीज मुंबईला आणि कारखान्यांना मिळाली. महाराष्ट्राच्या उद्योगाचा पाया तिने घातला, हे नाकारण्याचे कारण नाही. पण त्या हिशेबात वजा बाजू मांडली गेली नाही, हेही तितकेच खरे.

प्रकल्पग्रस्तांच्या पुनर्वसनाचा महाराष्ट्रातील पहिला कायदा १९७६ साली झाला. पुढे १९८६ आणि १९९९ चे कायदे आले. पुनर्वसित गावठाणाला ज्या नागरी सुविधा देणे शासनावर बंधनकारक झाले, त्यांत स्मशानभूमीचा समावेश आहे. म्हणजे माणूस उठविला तर त्याच्या मृतांसाठीही जागा दिली पाहिजे, हे तत्त्व शासनाने मान्य केले. परंतु कोयनेचे खोरे त्याच्या कितीतरी आधी रिकामे झाले होते. कायद्याच्या आधी बुडालेल्यांना कायद्याचा लाभ मागण्यासाठी पिढ्यानपिढ्या रस्त्यावर यावे लागले. श्रमिक मुक्ती दलाच्या नेतृत्वाखाली कोयना धरणग्रस्तांनी वारंवार दीर्घ ठिय्या आंदोलने केली ती ह्याचसाठी. नव्या गावात गेलेल्या धरणग्रस्ताला पहिला धक्का पुष्कळदा पाण्यावरून किंवा रस्त्यावरून बसत नाही. तो घरातील पहिल्या मृत्यूच्या दिवशी बसतो. मूळ गावकरी म्हणतात, हे स्मशान आमचे आहे. त्या एका वाक्याने माणसाला कळते की, घर मिळाले तरी गाव मिळालेले नाही.

कोयना पुढे कराडला कृष्णेला मिळते. त्या प्रीतिसंगमावर यशवंतराव चव्हाणांची समाधी आहे. २५ नोव्हेंबर १९८४ रोजी ते गेले. शेतकऱ्याच्या सामान्य घरातून आलेल्या नेत्याची समाधी लोकांच्या प्रेमाने नदीकाठी व्हावी, हे माहुलीच्या घाटापासून महाराष्ट्र किती पुढे आला त्याचे प्रमाण मानता येईल. येथे वंश नव्हे, लोकमान्यता बोलली. मात्र तेथून वाहणाऱ्या पाण्यात वरच्या खोऱ्यातल्या बुडालेल्या मसणवट्यांचे पाणी मिसळलेले आहे, ह्याचा उल्लेखही त्या काठावर झाला पाहिजे. यशवंतरावांच्या इतिहासप्रेमाशी ते विसंगत ठरणार नाही.

दोन आक्षेप

ह्या प्रतिपादनावर दोन बाजूंनी आक्षेप येतील. पहिला आपल्याच गोटातून: जिवंतांना भाकर नाही, तेथे मेलेल्यांच्या जमिनीचा प्रश्न कशाला? ह्याचे उत्तर असे की, स्मशानाचा तंटा मेलेल्यांचा कधीच नसतो. तो जिवंतांच्या दर्जाचा असतो. ज्याला गावात दहनाची जागा नाही, त्याला गावठाणात घराची जागा, रेशनकार्डावर पत्ता आणि मतदारयादीत नाव मिळवितानाही झगडावेच लागते. भटक्या जमातीचे पाल वर्षानुवर्षे गावाच्या हद्दीत असते. त्यांच्यातले कोणी मेले की ते ‘बाहेरचे’ ठरतात. १९७० च्या दशकात बाबा आढावांनी ‘एक गाव, एक पाणवठा’ ही चळवळ उभी केली तेव्हाही काही शहाण्यांनी विचारले होते की, मूळ प्रश्न जमिनीचा असताना विहिरीचे काय घेऊन बसलात? पाणवठ्याने जे उघड केले तेच मसणवटा उघड करतो. विहिरीवरची जात निदान दिवसा लपविता तरी येते. सरणावरची लपत नाही.

दुसरा आक्षेप प्रतिष्ठितांकडून येईल: समाध्या ही घराण्याची खाजगी बाब आहे, इतरांनी त्यात बोलू नये. हे मान्य करता येत नाही. माहुलीचे घाट आणि समाध्या कोणा गृहस्थाच्या स्वकष्टार्जित मिळकतीतून उभ्या राहिल्या नाहीत. त्यामागे रयतेचा सारा आहे. रयतेच्या पैशाने जे उभे राहिले त्याच्या इतिहासावर रयतेचा अधिकार आहे. पुरांनी आणि गाळाने ह्यांतील कित्येक समाध्यांची दैना केली, तरी भव्य पुतळ्यांच्या घोषणा करणाऱ्या राज्यकर्त्यांना ह्या साध्या दगडांची आठवण क्वचितच झाली. पुतळ्याचे अनावरण होते, मिरवणूक निघते. समाधीची फक्त डागडुजी करावयाची असते, आणि डागडुजीला कोणी टाळ्या वाजवीत नाही.

कार्यकर्त्यांसाठी काम

मग करावयाचे काय? सातारा जिल्ह्यालाच त्याचे एक उदाहरण आहे. ९ सप्टेंबर १९४२ रोजी वडूजच्या कचेरीवर तिरंगा लावण्यासाठी निघालेल्या मोर्च्यावर गोळीबार झाला. परशुराम घार्गे ह्यांच्यासह नऊ जण हुतात्मे झाले. १९८० च्या दशकाच्या प्रारंभी राज्यभर हुतात्मा स्मारके बांधली गेली तेव्हा अशा साध्या शेतकरी-कष्टकऱ्यांची नावे दगडावर आली. पुढे त्या स्मारकांची हेळसांड झाली, हे खरे. परंतु ज्यांच्या नावावर वतन किंवा जहागीर नाही अशांची नावेही सरकारी दगडावर कोरता येतात, एवढे त्यातून सिद्ध झाले.

त्याच धर्तीवर काही गोष्टी हाती घेता येण्यासारख्या आहेत. प्रथम, प्रत्येक गावातील दहन आणि दफनभूमींची नोंद. १९५८ च्या ग्रामपंचायत अधिनियमानुसार त्यांची व्यवस्था हे पंचायतीच्या कर्तव्यांत मोडते. तेव्हा कोणत्या वस्तीला जागा आहे, कोणत्या वस्तीला नाही, असलेली जागा उताऱ्यावर आहे की केवळ वहिवाटीवर, तेथपर्यंत जावयास रस्ता आहे की दुसऱ्याच्या शेतातून जावे लागते, पावसाळ्यात शेड आहे की नाही, ही माहिती ग्रामसभेत वाचून दाखविली गेली पाहिजे. हे काम दोन कार्यकर्ते आणि एक वही एवढ्यावर होते. दहनभूमीसाठी शासनाचे अनुदान असते. ते सवर्णांच्या स्मशानाच्या फरसबंदीवर खर्च होते की दलित वस्तीच्या वाटेवर, हे विचारणारा माणूस मात्र ग्रामसभेत उभा राहावा लागतो.

दुसरे, ‘एक गाव, एक स्मशान’ ही मागणी. दफन करणाऱ्या समाजांच्या रीतीला धक्का न लावता, गावाची भूमी सर्वांची आणि तिच्यावर जातीची पाटी नाही, असे ग्रामसभेचे ठराव झाले पाहिजेत. जेथे विरोध होईल तेथे सत्याग्रहाची तयारी हवी. ही मागणी मांडावयाला कोणत्याही निवडणुकीची वाट पाहावी लागत नाही.

तिसरे, कोयनेच्या वसाहतींचा प्रश्न. कायद्याच्या आधी उठविलेल्यांच्या सर्व गावठाणांत आजच्या कायद्यातील सुविधा, स्मशानभूमीसह, मिळाल्या पाहिजेत. आणि तापोळ्याच्या काठावर, जेथे होड्या सुटतात तेथेच, पाण्याखालच्या गावांची नावे कोरलेला एक साधा दगड उभा राहावा.

शेवटी माहुली. ह्या काठाची निगा सार्वजनिक निधीतून आणि शास्त्रशुद्ध पद्धतीने व्हावी. तेथे नवे संगमरवरी देखावे नकोत. तेथे लावावयाच्या फलकावर शाहू महाराज, येसूबाई आणि ताराबाई ह्यांच्या कर्तृत्वाबरोबरच सकवारबाईंवर आलेला दबाव, काशीत वारलेले प्रतापसिंह, बेपत्ता झालेले रंगो बापूजी आणि लाकडे वाहणाऱ्या वतनदारांची वेठ ह्यांचाही उल्लेख असावा. हा मजकूर कोणी अधिकाऱ्याने मुंबईत बसून लिहू नये. सातारच्या अभ्यासकांनी, शिक्षकांनी आणि माहुलीच्या दोन्ही तीरांवरील ग्रामस्थांनी तो एकत्र बसून तयार करावा. पावसाळा संपून पाणी उतरले, काठ मोकळा झाला, की ह्या कामाला हात घालता येईल.